इथून माघारी जाऊ नये

आमच्या रंगनाथ अण्णांना रोज संध्याकाळी स्वतःच्या घराचा रस्ता विचारावा लागतो. वय अडुसष्ट, जन्म याच वस्तीवरचा, डोकं शाबूत. तरी साडेपाच वाजले की ते मोटारसायकल काढतात, अडीच किलोमीटरवर नगर-मनमाड रोडच्या फाट्यावर जातात, चहाच्या टपरीसमोर गाडी वळवून उभी करतात, हँडलला ट्यूबच्या रबरानं आवळलेल्या मोबाईलमध्ये आपल्याच वस्तीचं नाव घालतात आणि मोबाईलमधली बाई सांगेल त्या रस्त्यानं घरी येतात. फाटकाशी बाई म्हणते, "तुम्ही पोहोचला आहात." अण्णा म्हणतात, "पोचलो, बाई." मग गाडी बंद.

टपरीवाल्याच्या मते अण्णांचं डोकं फिरलंय. मी त्यांचा शेजारी. मधे फक्त एक उसाचं रान. शिवाय मी हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळे पुराव्याशिवाय असलं काही मानत नाही. पुरावा मात्र अण्णांनी भरपूर पुरवला.

अण्णा पाटकरी होते. पाटाला पाणी सुटलं की कोणाच्या शेतात किती वेळ पाणी जायचं, हे बघणारा सरकारी माणूस. देवळाली प्रवराच्या शिवारात त्यांनी जन्मभर पाण्याला रस्ता दाखवला आणि पाटाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या लोकांना दम भरला. त्यापायी आवाज असा झालाय की ते घरात बायकोला मीठ मागतात तेव्हा माझी गाय कान टवकारते. अशा माणसाला एक न दिसणारी बाई "उजवीकडे वळा" म्हणते आणि तो निमूट वळतो. आम्हा शेजाऱ्यांना याचा आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

एकदा सोनईला त्यांच्या मावसभावाच्या दहाव्याला आम्ही दोघं निघालो. राहुरीवरून सोनईला अण्णा शंभरदा तरी गेले असतील. तरी गाडीला किक मारायच्या आधी त्यांनी मोबाईल लावला.

"अण्णा, रस्ता माहीत आहे ना?"

"मला म्हाईत हाय. बाईला म्हाईत हाय का, ते बघायचंय."

बाईला माहीत नव्हतं. तिनं जवळचा म्हणून जो रस्ता काढला तो एका उसात जाऊन संपला. अण्णांनी गाडी बंद केली नाही, उसाच्या सरीत घातली. मी मागे बसून पाचटानं गाल खरवडून घेत होतो. शेतमालक खुरपं घेऊन धावत आला.

"कुनाकडं जायचंय?"

"बाई म्हनती हितनं रस्ता हाय."

"कंची बाई?" त्यानं गाडीच्या मागच्या सीटकडं पाहिलं. तिथं मी होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा कावळा शिवून गेला होता आणि लोक चपला शोधत होते. अण्णांना त्याचं काही नाही. त्यांनी मोबाईल काढला, त्या उसावर बोट ठेवलं आणि चूक कळवून टाकली. "तुमची सूचना तपासली जात आहे" असं उत्तर आलं की अण्णा समाधानानं मान हलवतात. "अर्ज पुढं गेला," म्हणतात.

हे त्यांचं दुसरं वेड. नकाशात जे नाही ते घालायचं. "नकाशात न्हाई म्हंजी जगात न्हाई, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या शिवाराच्या नकाशावर आता तुम्हाला अण्णांच्या हातच्या पाट्या दिसतील, त्याही सगळ्या सरकारी भाषेत. 'वाकडी बाभूळ. इथे वळू नये.' 'चिखल. मोटारसायकल उतरून ढकलावी.' माझ्या घरापाशी तर त्यांनी 'कुत्रे चावते' एवढंच लिहिलं होतं. कुणीतरी त्या जागेला पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'खरं आहे.' मी अण्णांशी आठवडाभर बोललो नाही.

या नकाशाची आमच्या वस्तीशी मात्र जुनी दुश्मनी होती. आमची वस्ती पाटाच्या अलीकडं. नकाशाच्या मते ती पलीकडं. त्यामुळे नवखा माणूस पाटाच्या पलीकडच्या भरावावर येऊन थांबायचा. तिथं बाई त्याला "पोहोचलात" म्हणायची, आणि समोर वाहतं पाणी. पाण्यापल्याड अण्णांचं अंगण हाकेच्या अंतरावर. पूल अर्धा किलोमीटर पुढं, उसाआड, दिसत नाही.

आणि भरावावर गाडी दिसली की अण्णांच्या अंगात पाटकरी संचारायचा. नोकरीत असताना भरावावर वाहन आणायला बंदी होती आणि ती बंदी त्यांनी साहेबांच्या जीपलासुद्धा लावली होती. निवृत्तीनंतर बंदी कोणाच्या लक्षात राहिली नाही, फक्त अण्णांच्या राहिली. अंगणात उभं राहून ते हात उभारून ओरडायचे, "माघारी! माघारी जा!" कोण, कुठला, कोणाकडे आलाय, काही विचारणं नाही. एका कुरिअरवाल्यानं घाबरून मिक्सरचं भांडं पाटावरून फेकलं होतं. जनावरांचे डॉक्टर दोनदा परत गेले. मी नवीन राहायला आलो तेव्हा मलाही दोनदा परत पाठवलं होतं. आम्हाला त्याची गंमत वाटायची. घरी पाहुणे आले की मी अण्णांची नक्कलही करून दाखवायचो.

नकाशाचं वेड त्यांना गेल्या दिवाळीनंतर लागलं. हे माझ्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ लावायचा मी प्रयत्न केला नव्हता. गणिताच्या मास्तरानं असं करू नये.

मागच्या आठवड्यात एकदा अण्णा नेहमीसारखे फाट्यावर गेले होते आणि मी त्यांच्याकडं फावडं मागायला गेलो. काकू ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी सहज म्हणालो, "काकू, अण्णांना घराचा रस्ता अजून पाठ झाला नाही वाटतं."

काकू हसल्या नाहीत. "दिवाळीच्या पाडव्याला मनी आल्ती, सर."

मनी म्हणजे मनीषा, त्यांची एकुलती एक मुलगी. माझी विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी नाशिकला नोकरीच्या ठिकाणी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. अण्णांनी इकडं दुसरीकडं सुपारी फोडली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

"आली होती? इथं?"

"तिथं." काकूंनी पाटापलीकडं बोट केलं. "जावई मोबाईल बघून गाडी चालवत हुते, मनी मागं तीन वरसाच्या नातीला निजवत बसल्याली. पांढरी गाडी. मी आत करंज्या तळत हुते. हे अंगनात उभे. मनीनं केस कापलेत, पॅन्ट घातल्याली. तिनं नुस्ता हात वर केला. आन् हे वरडले."

काय ओरडले ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते पाठ होतं.

"तिचा मला सांजच्याला फोन. लई रडली. मी म्हनलं, अगं, वळखलं न्हाई त्यांनी तुला. तर म्हनती, आई, तू जन्मभर त्यांचंच झाकत आलीस."

"मग अण्णांनी फोन करायचा ना!"

"मी सांगून थकले. तर म्हनत्यात, काय सांगू? पोटच्या पोरीला वळखलं न्हाई म्हून सांगू? त्यापरीस रागानं हाकललं आसंच वाटूंदे तिला."

मी फावडं न घेताच परत आलो. मला माझ्या नकलेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडं आले. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, कुत्र्याला चुचकारलं. ते चावलं नाही. मग त्यांनी मोबाईल पुढं केला. नकाशावर आमची वस्ती आता पाटाच्या बरोबर अलीकडं आली होती. रस्ता पुलावरून येत होता आणि अण्णांच्या फाटकाशी थांबत होता.

"सहा म्हैने लागले. तीन येळा अर्ज माघारी आला. आता बाई बिनचूक आनती. रोज बघतोय."

"छान झालं, अण्णा."

"शिक्षक दिनाला मनीचा मेसेज येतो म्हनला हुता तुमी." ते कुत्र्याकडं बघून बोलत होते. "ह्ये लोकेशन तिला धाडा. आपलं चुकून गेलं म्हना. दुसऱ्या कुनाला पाठवायचं हुतं, म्हना."

मी लोकेशन पाठवलं. चुकून गेलं असं मात्र लिहिलं नाही. लिहिलं, 'अण्णा भरावावरच्या प्रत्येक गाडीला माघारी पाठवतात. मलाही दोनदा पाठवलंय. त्या दिवशी त्यांनी तुला ओळखलं नव्हतं, आणि तेच त्यांना तुला सांगता येत नाही.'

मेसेज वाचल्याचं लगेच दिसलं. उत्तर आलं नाही. तीन दिवस अण्णा फाट्यावरून आले की माझ्या दाराशी गाडी हळू करायचे, मी मान हलवायचो, ते पुढं जायचे. त्या तीन दिवसांत त्यांच्याकडून "पोचलो, बाई" ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मोबाईल वाजला. मनीषानं नकाशाचा फोटो पाठवला होता. तिनं नकाशा पाटाच्या पलीकडं सरकवून बघितला होता. पाडव्याला ती जिथं गाडी थांबवून उभी राहिली होती, अगदी त्याच जागी नकाशावर एक पाटी होती. अण्णांनी ती मलाही दाखवली नव्हती.

'इथून माघारी जाऊ नये. भरावावरून गाडी पुढे आणावी. पूल आहे. घरी आहोत.'

खाली मनीषानं विचारलं होतं, 'सर, हे अण्णांनीच लिहिलंय ना? भरावावरून गाडी?'

मी लिहिलं, 'त्यांनीच.'

बराच वेळ ती काहीतरी लिहीत होती आणि पुसत होती. शेवटी आलं ते एवढंच, 'रविवारी येतोय. पुलावरून मोठी गाडी निघते ना?'

संध्याकाळी मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मोठी म्हंजी केवढी?" आणि आत निघून गेले.

सकाळी शाळेत जाताना बघतो तर अण्णा पुलावर. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खड्ड्यांत मुरूम टाकत होते, फावड्याच्या पाठीनं चोपत होते. मोटारसायकल कडेला उभी.

"अण्णा, आज तर गुरुवार आहे."

"पानी साचतंय हितं," ते म्हणाले. जवळपास पाण्याचा थेंब नव्हता.

"रविवारी काळजी नका करू. तुमची बाई बिनचूक आणेल."

"आनंल की. पन ऐन टायमाला रेंज गेली तर? मी आपला फाट्यावर जाऊन उभा ऱ्हातो." त्यांनी आणखी एक फावडं मुरूम टाकला, घाम पुसला आणि तो जन्मभर पाटापार गेलेला आवाज एकदम खाली आणला.

"सर, तेवढा तिच्या गाडीचा नंबर इचारून ठिवा."