मागं दिव्याची गाडी

सातशे पन्नास मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल मारायची आणि वर पाच किलोमीटर पळायचं. एवढं तर मी शाळेला जाताना दप्तरासकट करत होतो! असं मी आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या कँटीनमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. ऐकणाऱ्यांत अल्ताफ होता. अल्ताफ आमच्या मशीनशॉपला असतो आणि सुट्टीदिवशी असल्या शर्यती भरवणाऱ्या मंडळात हौसेनं राबतो. त्यानं तिथल्या तिथं मोबाईलवर माझं नाव घातलं आणि म्हणाला, "बापूसो, आता माघार न्हाय."

माघार कोण घेतंय? त्याच आठवड्यात मी सायकल आणली. बारीक चाकांची, दोन बोटांनी उचलता येईल अशी. दुसरीकडं जागा नव्हती म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभी केली. त्रिशलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, तीन दिवस तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घातले. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, वेळेत शर्यत पुरी केलीसा तर ही इथंच ऱ्हाऊ दे, मी सोता रोज पुसीन. न्हाय झाली, तर दुसऱ्या दिवशी घरात दिसता कामा न्हाय."

"वेळेत कशाला, वेळेच्या आधी करतो," मी म्हणालो.

वेळ होती अडीच तास. सकाळी साडेसहाला सुरू आणि नऊला बंद.

इथवर सगळं माझ्या हातात होतं. घोटाळा झाला तो नकाशा बघितल्यावर. पोहायचं तळं पन्हाळ्याच्या बाजूला होतं आणि सायकलचा रस्ता तिथून दहा किलोमीटर जाऊन कोडोलीच्या चौकातून माघारी फिरत होता. कोडोली म्हणजे माझी सासुरवाडी. शहाण्या माणसानं ही गोष्ट पोटात ठेवली असती. मी सासऱ्यांना फोन केला.

"आण्णा, रविवारी शर्यतीत हाय मी. तुमच्या चौकातनंच जाणार."

आण्णांचा सगळा जन्म बैलगाड्यांच्या शर्यती बघण्यात गेलेला. त्यांनी एकच विचारलं, "पयला नंबर का?"

सासऱ्यापुढं कुठला जावई नाही म्हणेल? मी म्हणालो, "बघूया की."

आम्ही जैन, त्यामुळं दिवस बुडायच्या आत जेवण. बाकीचे स्पर्धक आदल्या रात्री नऊपर्यंत हादडत होते म्हणे, माझं ताट सहालाच धुऊन झालं होतं. सकाळी तळ्याच्या काठावर उभा राहिलो तेव्हा पोटात बारा तासांची शांतता होती.

पोहायला मी विहिरीत शिकलो. विहिरीत शिकलेल्या माणसाला सरळ पोहायची सवय नसते. दर पंधरा हातांना मी आपोआप वळत होतो आणि होडीतला माणूस ओरडत होता, "ओ पावणं, तिकडं न्हाय, हिकडं!" जन्मभर पाणी गाळून पिणारा माणूस मी, त्या सकाळी निम्मं तळं न गाळता प्यालो. बाहेर आलो तेव्हा काठावर एकच सायकल उरली होती, त्यामुळं ती शोधण्यात वेळ गेला नाही.

अशा शर्यतीत शेवटच्या गड्याच्या मागं मंडळाची एक मोटरसायकल आणि एक ॲम्ब्युलन्स चालते. मोटरसायकलवर अल्ताफच होता. ॲम्ब्युलन्सवाल्यानं सायरन लावला नाही, हे त्याचे उपकार, पण वरचा दिवा गरागरा फिरत होता. मी मनात हिशेब मांडला. पावणेआठला चौक, आठ वीसला परत, पळायला पस्तीस मिनिटं. नऊला पाच कमी असताना मी आत! सायकल हॉलमध्येच राहणार होती. मी पायडल हाणलं.

कोडोली जवळ आली तशी हलगी ऐकू यायला लागली. कुणाचं तरी लग्न असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. चौकात पोहोचलो तर आण्णा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे! ब्रेक दाबला नसता तर सासरा सायकलखाली आला असता.

झालं होतं असं, की घरी शिरा शिजेपर्यंत आणि आण्णा माणसं गोळा करून चौकात येईपर्यंत माझ्या पुढचे साठ जण वळून गेलेले होते. पानपट्टीवाला गुंडू तसं बोललाही, "आण्णा, मघाशी लई पोरं गेली की सायकलीवरनं."

"ती मोकळीच गेली असतील," आण्णा म्हणाले. "कुणाच्या मागं गाडी हुती का? गाडीवर दिवा हुता का? दिव्याची गाडी पयल्याच्याच मागं असतीया."

गुंडूनं ॲम्ब्युलन्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तो पानाला चुना लावायला लागला. मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात त्यात सासूबाईंनी शिऱ्याचा घास घातला.

"पोरीनं उपाशी धाडलं व्हय तुमास्नी?" त्या म्हणाल्या.

साजूक तुपातला, बेदाणे घातलेला गरम शिरा आणि माझ्या पोटात बारा तासांची शांतता. मी खुर्चीवर बसलो. बसल्यावर ध्यानात आलं की अंगात तो कातडीला चिकटलेला काळा शर्यतीचा पोशाख आहे आणि समोर सासुरवाडीच्या बायका आहेत. आण्णांनी सत्काराची शाल खांद्यावर घातली, ती मी लगोलग कमरेला गुंडाळली. अल्ताफला आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही खुर्च्या आल्या. पाहुण्याबरोबरची माणसं उभी ठेवायची पद्धत कोडोलीत नाही.

"बापूसो, आठ वाजले," अल्ताफ म्हणाला. त्याच्या हातात दुसरी वाटी होती.

मी ताडकन उठलो, तर आण्णांनी डोक्यावर फेटा बांधायला घेतला. कोल्हापुरी फेटा, घाईनं बांधता येत नाही. बांधून झाल्यावर मी हेल्मेट उचललं. ते फेट्यावर बसेना.

"हेल्मेट न्हाय तर सायकलवर बसायचं न्हाय, नियम हाय," अल्ताफ म्हणाला.

"जावयाचा फेटा येशीच्या आत उतरायचा न्हाय," आण्णा म्हणाले. "हाबी नियमच हाय."

दोन नियमांच्या मध्ये मी सापडलो. शेवटी फेटा डोक्यावर, शाल कमरेला, सायकल हातात धरून वेशीपर्यंत चालत निघालो. पुढं हलगी, मागं दिव्याची गाडी. दारादारांत बायका ओवाळायला उभ्या. खरं सांगतो, मला लई बरं वाटत होतं. माझ्यासाठी आजवर कुणी हलगी वाजवली नव्हती, लग्नातसुद्धा बँड होता. सायकल हातातून चालली आहे हे कळत होतं, पण आण्णांची छाती बघून घाई करवेना.

पावणेदहाला पळत पोहोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडायचं काम चाललेलं. मी वाकून तिच्याखालून गेलो. तिथं माझा मेव्हणा वृषभ उभा होता. आण्णांनी त्याला बक्षिसाचा फोटो काढायला मोटरसायकलवरून पाठवलेलं. तो निकालाचा कागद वरून खाली वाचत होता.

"दाजी, एकसष्टात एकसष्टावं का?"

"न्हाय, न्हाय," अल्ताफनं खुलासा केला. "वेळेत आले न्हाईत, म्हणून यादीतच न्हाईत."

वृषभनं कागदाची घडी करून खिशात घातली. मग बाजूला लावलेल्या माझ्या सायकलच्या दांडीवरनं हात फिरवत म्हणाला, "मी आण्णांना काय सांगत न्हाय. सायकल मात्र झ्याक हाय, दाजी."

घरी गेलो तर त्रिशला फोनवर होती. तिनं मोबाईलवर निकाल आधीच बघितलाय, हे तिच्या तोंडावरनं कळत होतं. "व्हय आण्णा, पयलेच आले," ती म्हणाली. "लई पळाले बिचारे." फोन ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "सायकल कुठाय?"

"वृषभला दिली. हौशी हाय पोरगं."

"मग मी आता टॉवेल कुठं वाळत घालू?" ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

यंदा त्याच शर्यतीत वृषभ उतरला, माझ्याच सायकलवर. मी आण्णांशेजारी चौकात खुर्ची टाकून बसलो होतो. पोरगं सगळ्यांच्या आधी आलं! हलगीवाला जाळावर हलगी शेकून ताणेपर्यंत गर्रकन वळलं आणि दिसेनासं झालं. आण्णा मात्र त्याच्या मागचा रिकामा रस्ता बघत राहिले.

"न्हाय जमलं पोराला," शेवटी त्यांनी उसासा टाकला. "मागं साधी एक गाडीसुदिक न्हाय." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमची सर कुणाला यायची न्हाय, पावणं."

मी खाली बघून सासूबाईंकडं आणखी थोडा शिरा मागितला.