डाव्या निलयातली स्कूटर

आमच्या शांती नगरच्या सोसायटीत गाडी लावायची तर आधी हृदय चुकवावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका पार्किंगच्या फरशीवर खडूने भलंमोठं हृदय काढतात आणि त्यातून मुलांना रक्त म्हणून चालवतात. शरीराकडून येताना गळ्यात निळी ओढणी. वरच्या कप्प्यातून, उजव्या अलिंदातून, खालच्या उजव्या निलयात, तिथून फुप्फुसात, म्हणजे गेटजवळच्या बागेत. तिथे खोल श्वास घ्यायचा, निळी टाकून लाल ओढणी घ्यायची आणि हृदयाच्या डाव्या बाजूला परत यायचं. कुणी मागे पाऊल टाकलं की वॉचमन अडवतो. तो झडप आहे.

"घोकू नको, बघ!" हा काकांचा मंत्र. वाटेत कुणी काही लावलं की खिडकीतून ओरडतात, "मेहताभाई, आपकी स्कूटर डाव्या निलयमें है, हटाओ ना!" मेहताभाईंनी सेक्रेटरीकडे तक्रार केली. पण सेक्रेटरीची मुलगीच ओढणी बदलत फिरत होती, मग तो काय बोलणार!

माझी ऋता दहावीला. प्रिलिमला विज्ञानात आपटली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी तिला रोज संध्याकाळी रक्त केलं. तिने त्या चालण्याचा फोनवर व्हिडिओही काढून ठेवला. बोर्डाचा पेपर देऊन आली ती हसतच.

"आई, हृदयच आलं! नावं देताना डाव्या निलयाला 'स्कूटर' लिहिलं होतं गं. खोडलं वेळेत."

तिला हसू येत होतं, पण निकालापर्यंत मला ती स्कूटरच दिसत होती.

परवा निकाल लागला. ऋता विज्ञानात छान पास! मी खुर्चीत बसले ती बसलेच, इतकं हायसं वाटलं. मग पेढे घेऊन दोघी काकांकडे गेलो. ते दार उघडून वाटच बघत होते.

"झाली?"

"झाली, काका!"

ते मटकन सोफ्यावर बसले आणि चक्क रडायला लागले. पेढा हातात तसाच.

"आमच्या प्रसादला मी फूटपट्टी घेऊन पाठ करायला बसवायचो," ते म्हणाले. "पास झाला तो. पण पुण्याला गेला आणि माझ्याशी बोलणं बंद केलंन." मग ऋताकडे वळले. "त्याची पोर आता दहावीत गेलीय. तुमचा तो चालण्याचा व्हिडिओ त्याला पाठवशील, बाळा? मी पाठवलेलं तो उघडत नाही."

"लगेच पाठवते, काका."

"आणि त्यात मी कुठे दिसत असलो, तर तेवढं काप हं."