बनावट घर ओळखा!

संगणकशास्त्राच्या पोरांना संशोधन शिकवावं ते मीच! बाकीचे पुस्तकातून शिकवतात, मी थेट पाण्यात ढकलतो.

यंदाचा धडा होता, बनावट आकडे कसे पकडायचे. त्यासाठी दोन घरांच्या महिनाभराच्या नोंदी वर्गाला दिल्या. दार कधी उघडलं, फोन कुणाचा आला, किती वेळ चालला, एवढंच. एक घर खरं, एक मी रचलेलं. खरं घर माझंच! चोराच्या धास्तीनं दारावर नोंदी ठेवणारं यंत्र बसवलंय. चोर काही फिरकला नाही, पण दाराच्या नोंदी आयत्या मिळाल्या; फोनच्या मोबाइलमधून उतरवल्या. नाव काढून टाकल्यावर कोण ओळखतंय!

रचलेल्या घरात मात्र मी जीव ओतला. सकाळी बहिणीचा फोन. संध्याकाळी शेजारी. रविवारी भाचरांची फौज, दाराची नुसती उघडझाप! मध्येच बहिणीशी भांडण लावून तिचे फोन बंद केले. मग मलाच राहवेना, म्हणून समेट घडवला. मला बहीण नाही, पण नोंदीत असायला काय हरकत?

"पोरं चक्रावणार बघा!" मी विभागप्रमुख बाईंना छातीठोकपणे सांगितलं. "तुम्ही याच बघायला!"

त्या आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या.

"सर, पहिलं घर बनावट!" पहिला गट उठला तोच ओरडत. पहिलं घर म्हणजे माझं.

"घाई नको. पुरावा?"

"दार सकाळी उघडतं, संध्याकाळी उघडतं, बस्स! रचणाऱ्यानं एकच दिवस महिनाभर चिकटवलाय."

"रविवारी तर उघडतच नाही! कचरा टाकायला तरी माणूस उठेल ना, सर?"

मी शनिवारीच टाकतो. पण सांगणार कसं?

"आणि फोन बघा! सगळे विमा विकणारे! त्यातल्या एकाशी हा गृहस्थ अर्धा तास बोललाय! कुणी बोलतं का?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. मीही हसलो, न हसून करतो काय? तो विमावाला खरंच चांगला होता हो! माझ्या गुडघ्याची चौकशी केली होती त्यानं.

"दुसरं घर शंभर टक्के खरं," दुसरा गट म्हणाला. "ते बहिणीचं भांडण कुणाला रचता येईल?"

आता उत्तर सांगायची वेळ आली. 'उत्तर आवडलं नाही तरी बदलायचं नाही,' असं मीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. पण खरं उत्तर द्यायचं, तर हा माणूस मी आहे, हे भरवर्गात सांगावं लागणार.

"समजा," मी चाचरत म्हणालो, "पहिलंच घर खरं असलं तर?"

हसणं थांबलं. खिडकीजवळची एक मुलगी, एरवी हजेरीपुरतीच बोलणारी, हळूच म्हणाली, "मग सर, कुणीतरी त्यांच्याकडे जायला हवं."

मला एकदम भरून आलं. सांगूनच टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पण बनावटच आहे ना ते?"

"हो हो! बनावटच!" मी म्हणालो. टाळ्या! सगळ्यांना पैकीच्या पैकी!

जाताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा पटेलसं रचा हो. इतकं एकटं कोण असतं?"

संध्याकाळी घरी आलो. दार उघडलं, लावलं, चहा ठेवला. मग उठलो. दार उघडलं, लावलं. थोडं थांबून पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. नोंद तरी खरी वाटायला हवी ना!