लाल टॅग आणि बुलबुल

मे महिन्यात, भोपाळच्या उकाड्यात, मी मुलांसाठी पक्ष्यांच्या कवितांचं सचित्र पुस्तक करायचं ठरवलं. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाच्या शिबिरात रविवारी ते वाचायचं होतं. नऊ पक्षी झाले. बुलबुल राहिला.

तो रोज दुपारी आमच्या कूलरवर पाणी प्यायला यायचा. कूलर सुरू असला की उडायचा. मी बंद केला की बायको, सुचेता, लावायची.

"अहो, लोक पंख्याखाली बसून कविता करतात!"

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही, चित्रही काढत नाही." (पक्ष्यांच्या वेळासुद्धा मी वहीत टिपतो.)

शनिवारी मी कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी स्विचवर लावतात तो लाल टॅग आणला. त्यावर लिहिलं : 'काम सुरू आहे. वीज चालू करू नये. काम : बुलबुलाची कविता.' खाली सही केली, आमच्या घराचा फ्यूज काढला आणि टॅग जिन्यातल्या बोर्डावर टांगला. तिथं खिळा एकच होता. इमारतीच्या मेन स्विचवरचा.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाइनमन गोपीनाथ फेरीवर आला. टॅग पाहिला आणि त्यानं इमानदारीनं अख्ख्या इमारतीची वीज बंद केली.

पाच मिनिटांत आठही घरं जिन्यात उतरली. वरचे गजानन सोनकुसरे तर अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत, टॉवेलवर.

"गोपीनाथ, चालू कर रे!"

"साहब, टॅग तो टॅग है. जिनकी साइन, वो लिखें 'काम पूर्ण', तभी हटेगा."

"लिहा हो पटकन!" सोनकुसरे माझ्यावर खेकसले.

"कसं लिहू? शेवटची ओळ राहिलीय." (बावीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये आहे. अर्धवट कामावर सही केलेली नाही.)

"मग वाचा, जेवढी झालीय तेवढी!"

घाम पुसत मी वाचली :

"शेपटीखाली लाल, डोक्यावर तुरा,
बुलबुल पितो पाणी जरा जरा.
मध्येच बघतो होऊन वाकडा..."

सोनकुसऱ्यांचा साबण वाळत होता. मी 'आकडा' म्हणून पाहिलं, 'लाकडा' म्हणून पाहिलं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून सुचेता कडाडली,

"म्हणतो, 'कूलर लाव ना रे माकडा!'"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोपीनाथला मराठी जेमतेम कळतं, पण तोही म्हणाला, "बस, यही फाइनल है." सोनकुसऱ्यांनी साबणाच्या हातानं माझ्या हातात पेन कोंबलं. मी सही केली. वीज आली. त्या गोंगाटानं बुलबुल मात्र जो उडाला तो परत आलाच नाही, आणि दहाव्या पानावरची चित्राची चौकट रिकामी राहिली.

रविवारी मंडळात पुस्तक उघडलं. ती चौकट भरलेली होती. सुचेतानं तिथं, 'माकडा'च्या बरोबर खाली, माझा पासपोर्ट साइझ फोटो चिकटवला होता.

मी काढलेले नऊ पक्षी मुलांनी एकजात कोंबड्या ठरवले. दहावं चित्र मात्र सगळ्यांनी एका आवाजात ओळखलं.