तात्यांचे नापास तंबू

आमच्या कामतघरचे पांडूतात्या भर उन्हाळ्यात गच्चीवर तंबू उभा करतात, आत वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडी घालून बसतात आणि मला, म्हणजे शेजारणीला, वरून बादलीने पाणी ओतायला लावतात. "वहिनी, हात आखडू नका! हिमालयान काय वाटीनं पानी पडतं?"

तात्यांचा जन्म कापड विणायच्या लूमवर गेला. डोंगराचं म्हणाल तर आमचा जिना चढतानाही ते मध्ये एकदा टेकतात. पण लेक वैशाली पक्की गिर्यारोहक. तिची हिमालयातली मोहीम ठरली आणि तंबू निवडायचं काम तिने बापावर सोपवलं. झालं! तात्या शिवण उलटी करून बघणार, कापडाचा वास घेणार, काठ्या गुडघ्यावर वाकवणार, कारखान्यातला मोठा पंखा आणून समोर सोडणार. शेवटी निकाल ठरलेला. "नापास! कपडा खोटं बोलत न्हाय."

तंबू परत. वैशाली बिचारी दुसरा मागवायची. तोही नापास. माझे खांदे भरून आले, पण तात्या काही ऐकेनात.

जायचा आठवडा उजाडला. एके दिवशी मी चिडून भरपूर पाणी ओतलं. आतून आवाज आला, "नापास!"

मी सरळ आत डोकं घातलं. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत!

"अहो तात्या, थेंब तरी दाखवा!"

तात्यांनी मान खाली घातली. "पयला पन कोरडाच व्हता," ते पुटपुटले. "वैशालीची आई गेली, आता घरान आमी दोघंच. तंबूच न्हाय मिलला तर पोर जाईल कशी?"

कपडा खरंच खोटं बोलत नव्हता. बोलत होते ते तात्या.

वैशाली माझ्या मागेच उभी होती. ती वाकून आत शिरली आणि बापाला खेटून बसली.

"मी जाणारच आहे, तात्या. तुम्ही पास नाही केलात तर कुणाचा तरी जुना तंबू घेऊन जाईन."

"जुना?" तात्या ताडकन सावरून बसले. "त्याची शिवन कोनी बघितली?"

"कुणीच नाही."

तात्यांनी छताच्या शिवणीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"हाच ने," ते म्हणाले. "पास हाय. पन मना भ्या वाटतं गो."

"मलापण भीती वाटते, तात्या," वैशाली म्हणाली. "म्हणून तर तंबू तुम्हाला बघायला सांगितला."