खिंड बंद झाल्याशिवाय पोपटी नाही

आमच्या आळीतले बाळूकाका म्हात्रे रोज सकाळी ओट्यावर बसून हिमालयाला शिव्या घालतात. हातात मोबाइल, त्यावर तिकडचं हवामान. "जानेवारी लागला नि हा अजून ऊनच दाखवतो! ह्याला काय अर्थ हाय?" पेणच्या उकाड्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

त्यांचा एकुलता एक निलेश तिकडे एका उंच खिंडीत रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. बर्फानं खिंड बंद झाली की काम बंद, मग निलेश महिनाभर घरी. काकी गेल्यापासून काका एकटेच, त्यामुळे वर्षात तो महिना काय तो खरा. तो आला की आळीची पोपटी लागते. वालाच्या शेंगा नि भांबुर्डीचा पाला मडक्यात ठासायचा, मडकं उलटं ठेवायचं नि भोवती जाळ. जाळ काकांचाच. दुसऱ्या कुणी काटकी सरकवली तरी ओरडतात.

यंदा बर्फ पडेना आणि काका चवताळले. एकदा मी स्कूटरला किक मारली तर समोर आडवे.

"कुठं रे?"

"पाव आणायला."

"चाळीस पावलांवर दुकान, नि गाडी? धूर तुम्ही सोडा नि ताप डोंगराला! अरे, बर्फ ऊन परत धाडतो. तो गेला की खाली काळा खडक. तो तापतो नि उरलेला बर्फ पण खातो. आपल्यापेक्षा वरच जास्त तापतंय. निलेशनं सांगितलंय मला!"

"आणि तुमच्या पोपटीचा धूर?"

दोन दिवस बोलले नाहीत. मलाही राग आला होता. मी एकट्यानं हिमालय वितळवला काय? पण पाव चालत आणू लागलो.

फेब्रुवारीत शेंगा निबर व्हायला लागल्या. "काका, आता लावू या," आम्ही विनवलं. काका उठले नि स्वतःच पाला आणायला गेले.

संध्याकाळी शेंगा शिजल्या का बघायला मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. शेंगा परातीत ओतल्या, आम्ही हात घातले, तेवढ्यात निलेशचा फोन. काकांनी डोळे वटारून सगळ्यांना गप्प केलं.

"पोपटी? नाय रे, कसली पोपटी! यंदा वाल आलाच नाय. हवाच बिघडली मेली. तू नीट काम कर, इथं काय मजा नाय."

आम्ही दहा-बारा जण गरम शेंगा मुठीत धरून उभे होतो. हात भाजत होते, पण सोलायचा आवाज होईल म्हणून कुणी हललं नाही.