यापच्या रायफलचा आवाज

"शनिवारी दहा वाजता ही बोलणार," रायफलच्या अक्रोडी दस्त्यावरून फडकं फिरवत देवदत्तने जाहीर केलं.

त्याच्या बायकोने, नीलांबरीने, लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "सात महिने हेच ऐकतेय. इतकं तेल तू स्वतःच्या डोक्याला लावलं असतंस, तर केस तरी राहिले असते."

रायफल मूळची यापची. याप म्हणजे नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातल्या त्यांच्या शेजारीण विल्मीनबाईंचा नवरा. रायफल ऐंशी वर्षांची, एकगोळी: एक काडतूस घाला, उडवा, रिकामं कवच काढा, मगच दुसरं. याप गेल्यावर बाईंनी ती देवदत्तला देऊ केली. त्यासाठी क्लबचं वर्षभराचं सदस्यत्व, परीक्षा, पोलिसांचा परवाना, सगळं त्याने सोसलं. परवाना हातात पडला आणि त्याच आठवड्यात कोरोनाने क्लबला कुलूप लागलं. आता कुठे एकेकाला तासाभराची वेळ मिळू लागली होती.

बाईंचं मागणं एकच होतं. "मला तिचा आवाज पुन्हा एकदा ऐकायचाय."

पाहुण्यांना आत मनाई. म्हणून शनिवारी ब्याऐंशी वर्षांच्या विल्मीनबाई क्लबच्या पार्किंगमध्ये घडीची खुर्ची टाकून, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसल्या. देवदत्त ऐटीत आत गेला आणि त्याने पेटी उघडली. बोल्ट नव्हता. काडतुसामागे सरकवायचा तो लोखंडी दांडा तेल पिऊन घरच्या तिजोरीत पडला होता.

त्याने घरी फोन लावला.

"मी आणून देऊ?" नीलांबरी म्हणाली.

"परवाना माझ्या नावावर आहे. वाटेत तुलाच पकडतील. आणि किल्ली माझ्या खिशात आहे."

"मग फोन कशाला केलास?"

"कुणाला तरी सांगायचं होतं."

रायफल क्लबमध्ये ठेवून जायची सोय नव्हती. ती पुन्हा गाडीत घालून तो घरी गेला, बोल्ट घेतला आणि निघाला, तर कालव्यावरचा पूल वर उचललेला. खालून एक शिडाची होडी वरातीच्या घोड्यासारखी रमत चालली होती. होडीतल्या गृहस्थाने हात हलवला. देवदत्तनेही हलवला. दुसरं काय करणार?

"आठ मिनिटं उरलीत," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले.

मास्कमुळे चष्म्यावर धुकं धरलं. लक्ष्याचा कागद नुसता पांढरा डाग दिसत होता. देवदत्तने अंदाजाने पाच गोळ्या झाडल्या. कागदाला एकच भोक पडलं, तेही कोपऱ्यात. पण दर गोळीला त्या जुन्या दस्त्याने खांद्याला हलकेच ढोसलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्याला हसू आलं.

तसाच हसत तो बाहेर आला. आता बाईंचा चेहरा बघायचा होता.

"सापडला का तुझा तो दांडा?" विल्मीनबाईंनी विचारलं. "मग कर की सुरू. माझे पाय गारठलेत."

देवदत्तने मागे वळून पाहिलं. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून बांधलेल्या हातभर जाडीच्या भिंती. याच भिंतींचं कौतुक तो वर्षभर सगळ्यांना ऐकवत आला होता.

गोळ्या झाडून झाल्या, हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

"आज नाही जमलं," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी. दार उघडं ठेवता येतं का विचारतो."

"विचार," बाई म्हणाल्या, आणि ब्लँकेटची घडी घालू लागल्या.

मंगळवारी क्लब पुन्हा बंद झाला.